अण्णांचा मोर्चा

जमिनीतला कुठलाही खड्डा शत्रूसाठीच खणलेला असतो, अशी आमच्या साडूभाऊंची ठाम श्रद्धा आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मी कधी धड बसलेले पाहिले नाहीत. चहा उभ्यानं, घरातसुद्धा पायात बूट, नजर दाराबाहेर. क्रांती चौकात सिग्नलला गाडी थांबली की यांचं सुरू, "इथं तोफ ठेवली असती ना, लई भारी मारा झाला असता!" दौलताबादला पाहुणे नेले तर त्यांना खंदकापाशीच अडकवून ठेवतात, शत्रू जणू दुपारच्या एसटीनं यायचाय. अजिंठ्याच्या एका लग्नात तर मंगलाष्टकं सुरू झाली आणि हे गायब. गावाच्या जुन्या तटात बंदुका रोखायला जंग्या, म्हणजे अरुंद भोकं, ठेवल्यात, त्यातल्या एकीत यांचा हात अडकला होता. मुठीत अक्षता होत्या. त्या खाली टाकणं बरं दिसत नाही म्हणून मूठ सोडत नव्हते.

हे वेड लागलं एका शब्दापायी. त्यांचे वडील, अण्णा, तरुणपणी निजामाविरुद्धच्या लढ्यात होते. "आम्ही गोदाकाठी सरहद्दीवर मोर्च्यात होतो," एवढंच ते सांगायचे. साडूभाऊंना मोर्चा ठाऊक तो क्रांती चौकातून घोषणा देत निघणारा. "म्हणजे दुपारी जेवायला घरी आला असाल, अण्णा!" असं ते चिडवायचे आणि अण्णाही हसायचे. अण्णा गेल्यावर दहाव्याला त्यांचा एक म्हातारा सोबती आला. तो म्हणाला, "मिरवणुकीचा नाय रं बाबा. बंदूक घेऊन दबा धरायचा खड्डा, त्याला आम्ही मोर्चा म्हणायचो. तुझा बाप त्यात उपाशी बसून ऱ्हायचा." तेव्हापासून साडूभाऊ तो खड्डा शोधत गोदाकाठ पालथा घालताहेत.

परवा एक सापडला. गाडी मीच चालवत होतो. ती पुरती थांबायच्या आत हे उडी मारून उसाच्या कडेला पोचले. तेवढ्यात शेतमालक बांधावरून ओरडला, "ओ साहेब, पाइपलाइन फुटली म्हणून खोदलंय ते! कालच!"

मला हसू आवरेना. साडूभाऊंनी ऐकलं, मान हलवली आणि तरीही आत उतरले. नदीकडे तोंड करून ओल्या मातीत बसले. चुळबुळ नाही, बडबड नाही. त्यांना असं स्वस्थ बसलेलं बघून माझं हसू विरलं.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "चला साडूभाऊ, ताई जेवायच्या थांबल्या असतील."

त्यांनी नदीवरची नजर काढली नाही.

"मोर्च्यात हाय मी," ते म्हणाले. "जेवायला घरी जाता येत नाय."