उतारावरचे प्रश्न

वीर स्टेशनवरून महाडला येताना मी नेहमी त्याच्याच रिक्षात बसायचो. त्याचं नाव कधी विचारलं नाही. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, हे मात्र त्याने पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. उतार आला की तो इंजिन बंद करायचा. पेट्रोल वाचवायला नव्हे, प्रश्न विचारायला.

"सर, पालीला शेपूट परत फुटते, मंग माणसाला का नाय?"

एकदा त्याने पेपरात वाचलं, की नाळेतल्या स्टेम सेलपासून नवे अवयव घडवण्याचे प्रयोग चाललेत. पुढच्याच खेपेला उतारावर त्याने खिशातून कुंकवाची डबी काढून मागे दिली. आत वाळून काळी पडलेली नाळ होती.

"पोराची हाय. त्याच्या आईनं जपलेली. आंब्यावरून पडल्यापासून त्याचे पाय हलत नाय. ह्याच्यातून काय होईल का?"

मी सांगितलं, नाळेतलं रक्त जन्मताच काढून गोठवावं लागतं. वाळलेल्या नाळेत जिवंत काही उरत नाही. आणि अशा पायांवर इलाज अजून कोणालाच सापडलेला नाही.

उतार संपला, रिक्षा थांबली, तरी त्याने इंजिन सुरू केलं नाही. मग डबी परत घेऊन खिशात ठेवली.

"म्हंजे तुमचं शास्त्र अजून लहान हाय. पोरगं पण लहानच हाय. बघू, आधी कोण उभं राहतंय."