मनगटावरचा पांढरा पट्टा

आमचे हे घड्याळं बनवतात. दुरुस्त नाही करत, बनवतात. हा फरक मी लग्न झाल्यापासून सांगत आले आहे, तरीही अर्धी शनिवार पेठ बंद पडलेली गजराची घड्याळं घेऊन आमचा जिना चढते. तबकडी हे स्वतः कापतात, तिच्यावरचे मराठी आकडे बारीक कुंचल्यानं स्वतः रंगवतात. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा घड्याळं होतात. ती दसऱ्याच्या सकाळी द्यायची, अशी आमची रीत.

घेणारे मात्र पुष्कळ. सुरुवातीला जो आधी येईल त्याला द्यायचो, तर लोक पहाटेपासून ड्रायव्हरला जिन्यात बसवायला लागले. मग चिठ्ठ्या टाकल्या. एकाच घरातली सासू-सून-दीर-जाऊ वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकून गेली. वशिल्यांचं तर विचारूच नका, माझ्या माहेरच्यांचेसुद्धा फोन यायचे. आणि एवढं करून घड्याळ जायचं कुठे? लॉकरमध्ये. नाहीतर महिन्याभरात चढ्या भावानं तिसऱ्याच्याच घरी. ह्यांना ते फार लागायचं. "मी चालणारं घड्याळ करतो गं, अंधारात पडून राहणारं नाही," म्हणायचे आणि धड जेवायचे नाहीत.

तेव्हा युक्ती काढली ती मी. म्हटलं, अहो, माणसाचं तोंड बघू नका, मनगट बघा. जो रोज घड्याळ घालतो त्याचा हात उन्हानं रापतो, पण पट्ट्याखालची कातडी पांढरी राहते. तो पांढरा पट्टा दिसला तर घड्याळ द्यायचं, नाही दिसला तर नमस्कार करायचा. पैसा नाही, ओळख नाही, आडनाव नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे इतके खूश झाले की त्या दिवशी आपणहून भाजी आणायला गेले.

मी दारावर पाटीसुद्धा लावली: 'कपाटात ठेवण्यासाठी घड्याळ मागू नये. कपाट वेळ विचारत नाही.' लोक फोटो काढून नेत. आपण काहीतरी न्यायाचं करतो आहोत, ह्याची एक गुर्मी असते. ती मला चांगलीच चढली होती. शेजारपाजारी कुठे कशाची वाटणी चालली असली तरी मी तिथं जाऊन अक्कल शिकवायची.

परवाच्या दसऱ्याची नाही, त्याच्या आधीच्या दसऱ्याची गोष्ट. एकच घड्याळ उरलं होतं आणि माणसं उरली होती दोन. एक होता तरुण, संगणक कंपनीतला. हात रापलेला आणि मनगटावर पट्टा असा की लांबून दिसावा. दुसरे एक नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यांनी बाहीचं बटण काढून हात पुढे केला. कोपरापासून बोटांपर्यंत एकच सावळा रंग. ह्यांनी मान हलवली.

"वहिनी, मी रोज घालीन," ते मला म्हणाले. ह्यांचं काही चालत नाही, हे लोकांना लवकर कळतं.

आणि मी, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, म्हणाले, "अहो, साठ वर्षांत वेळ बघावीशी वाटली नाही, आता कसली घाई झाली आहे?"

घड्याळ मिळालेले काहीजण अजून रेंगाळत होते, खोलीत हशा पिकला. ते गृहस्थही थोडं हसले. मग बाही खाली करून बटण लावलं, नीट लागलंय ना ते पाहिलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." जाताना दारात थांबून त्यांनी माझी पाटी वाचली. मला ते दिसत होतं. दुपारी श्रीखंड-पुरीच्या पंगतीत मी हा किस्सा नक्कल करून सांगितला आणि सगळ्यांकडून पुन्हा हसून घेतलं.

दिवाळी होते न होते तोच घड्याळांच्या शौकिनांच्या ग्रुपवर आमच्या घड्याळाचा फोटो आला. विकायचं आहे, एकदाही न वापरलेलं. काचेवरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा तसाच. तोच तरुण. त्याच्या हातावरचा पट्टा घड्याळाचा नव्हताच मुळी. पावलं आणि नाडीचे ठोके मोजणारा तो रबरी पट्टा असतो ना, त्याचा होता. ह्यांनी चष्मा काढून ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. मी म्हटलं, निसटतो एखादा, त्यात काय एवढं? नियम काही वाईट नाही.

त्या दुसऱ्या गृहस्थांची तेव्हाही मला आठवण झाली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही झाली.

परवाच्या दसऱ्याला ते सगळ्यांच्या आधी आले. मी पटकन ओळखलंही नाही. ह्या खेपेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता आणि हातात रस्त्यावर मिळतं तसलं एक स्वस्तातलं प्लास्टिकचं घड्याळ. ते त्यांनी काढलं, खिशात टाकलं आणि हात ह्यांच्या टेबलावर उताणा, मग पालथा ठेवला. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर मागे जशी जागा दिसते, तसा स्वच्छ पांढरा पट्टा.

"आता चालेल का बघा, वहिनी."

ह्यांनी विचारलं, "मग आधी का नव्हता घालत तुम्ही?"

"मी खडकीला होतो, दारूगोळ्याच्या कारखान्यात. आमच्या खात्यात धातूचं काही आत न्यायचं नाही. अंगठी नाही, घड्याळ नाही. घेऊन करणार काय? गेटपर्यंत घालायचं आणि गेटवर काढून द्यायचं. म्हणून घेतलंच नाही कधी. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर." मग जरा लाजून म्हणाले, "रिटायर झालो तेव्हा मिसेस म्हणाली, आता भोंगा पुरे झाला, मनगटावर घड्याळ बांधा. तुमचं घड्याळ तिला आवडलं होतं. मराठी आकडे आहेत ना."

मी कसंबसं विचारलं, "आणि हा पट्टा?"

"हा होय! हा उन्हाळ्यात उठला. दुपारचा गॅलरीतून हात बाहेर काढून बसायचो. मिसेस म्हणायची, लोक पापड वाळत घालतात, तुम्ही हात." आणि ते स्वतःच मनापासून हसले.

दुसरं कुणी हसलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पुण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात हा माणूस हात बाहेर काढून बसला होता. कुणासाठी? माझ्यासाठी. मी जे बोलले होते त्यासाठी. ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावून पाहिलं असतं तर मी भांडले तरी असते.

"अहो, माझं चुकलं हो," मी म्हटलं. "मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं."

"छे छे! तुमचं बरोबरच होतं. मी घरी जाऊन स्वतः हात पाहिला. खरंच काही नव्हतं त्याच्यावर."

आता ह्याला काय म्हणावं! माझ्या नियमाची बाजू तेच घेत होते, माझ्याच तोंडावर. चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या आणि रात्री शांत झोपले असते. सगळ्यांना एकच मोजमाप लावलं की न्याय झाला, असं मी समजत होते. एवढंच विचारायचं होतं, की का हो, तुमच्या हातावर पट्टा का नाही? ते मी विचारलं नाही. वर्षभरानं विचारलं ते ह्यांनी.

हे उठले. त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं उतरलेलं घड्याळ ह्यांनी निवडलं आणि स्वतः त्या गृहस्थांच्या हातावर बांधलं. एरवी हे बांधून देत नाहीत, डबी पुढे सरकवतात. पट्टा बरोबर त्या पांढऱ्या जागेवर बसला. गृहस्थांनी घड्याळ कानाशी नेऊन ऐकलं. मग पिशवीतून आपट्याची पानं काढली, आम्हा दोघांना सोनं दिलं, आणि माझ्या पाया पडण्याइतके खाली वाकून नमस्कार केला. मी मागे सरकले. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस!

दारापर्यंत गेले आणि वळले.

"वहिनी, एक विचारायचं राहिलं. पुढच्या दसऱ्याला परत हात दाखवायला यायचं का? तसं काही नाही, कारखान्यात रोज झडती व्हायची, मला सवय आहे."

ते माझ्या पाटीशेजारी हात पुढे धरून, मी काय सांगते त्याची वाट बघत उभे राहिले.