हणमंताचा कडेला बघणारा कॅमेरा

“फोडा त्यो डबा! समोर बघतोय म्हंतोय आन् चोरून बायकांचं फोटू काढतोय!”

भर दुपारी, कोरेगावच्या बाजारात, भेंडीच्या पाटीशेजारी दगडावर चढून हे बोंबलणारा माणूस मी होतो. त्या दिवशी माझा आवाज रहिमतपूरपर्यंत गेला आणि तिथली कुत्री भुंकायला लागली, असं लोक सांगतात. मी निम्मंच कबूल करतो. ज्याच्या नावानं ओरडत होतो तो हणमंता फोटोवाला गेल्या महिन्यात गेला. त्याच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? खरंच गेला, की यातही काही मेख आहे... सवयच तशी लागलेली. शाळेपासूनची आमची दोस्ती, पण त्याच्या बोलण्यावर मी कधी डोळे झाकून मान डोलावली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हणमंता पलटणीतून सुटून आला तो एका दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यासकट. एकावर एक दोन भिंगं; वरचं झाकण उघडायचं, आत मान घालायची, की समोरचं जग काचेवर दिसतं, असं तो सांगायचा. लग्नं, बारशी तो दुसऱ्या साध्या कॅमेऱ्यावर करायचा; हा मात्र सदा गळ्यात. मला संशय आला तो एका नाकामुळं. त्याच्या पडवीत दोरीला फोटो वाळत होते, त्यांत आमच्या आळीतली पारूकाकू! पारूकाकू म्हणजे कॅमेरा दिसला की उसात शिरणारी बाई. फोटो काढला की आयुष्य घटतं, यावर तिची देवापेक्षा जास्त श्रद्धा. ती इथं चक्क हसत होती, आणि चमकी उजव्या नाकपुडीत! आमच्या पंचक्रोशीत उजवीकडं चमकी घालणारी बाई दाखवा, मी मिशी उतरवतो. मी विचारलं, “हिनं फोटू काढू दिला व्हय रं?” त्यानं तो फोटो दोरीवरून ओढून खिशात कोंबला. “कोन? मी न्हाई वळखत.” जिच्या घरचं ताक पिऊन वाढला, तिला ओळखत नाही म्हणतो!

मग मी डाव टाकला. सांगलीला चाललोय, तुझ्या कॅमेऱ्याची चाकी अडकतीया म्हणत होतास, दाखवून आणतो म्हणालो. त्यानं मला बराच वेळ न्याहाळलं, आणि आश्चर्य म्हणजे घरात जाऊन, घटकाभरानं पुसून आणून दिला. सांगलीत एका बोळात घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री होते. कॅमेरा हातात घेतल्याबरोबर त्यांनी मला विचारलं, “कुनाचा हाय?”

“दोस्ताचा.”

“दोस्त पोलिसात हाय का?”

मी न्हाई म्हणालो. मिस्त्री डोळ्याला भिंग लावून सांगत गेले. ठेवण जर्मन, दुसऱ्या लढाईच्या आधीची. नावाची पट्टी मुद्दाम उचकटलेली. चाकी शिलाई मशीनची. “आन् ही समोरची दोन भिंगं... ही चष्म्याची काच हाय, मागनं काळा रंग दिलेला. आंधळं डोळं हायेत ह्ये.” मग त्यांनी कडेची पत्र्याची पट्टी नखानं सरकवली. आत तिरपे आरसे, त्यांच्यामागं खरी भिंगं. “ह्यो कॅमेरा कडेला बघतोय. रोखायचा तुमच्यावर, काढायचा शेजारच्याचा. आरशातनं येतंय, म्हणून डावं ते उजवं हुनार.” पारूकाकूच्या नाकाचा उलगडा झाला! निघताना मिस्त्री म्हणाले, “मागचं दार उघडू नका. रीळ हाय आत, उजेड लागला की गेलं.”

उघडू नका म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस काय करतो, हे त्या मिस्त्रींना ठाऊक नसावं. बाजारादिवशी हणमंता कॅमेरा न्यायला आला आणि मी दगडावर चढलो. पाहता पाहता दहा हजार माणूस जमलं. चोरून बायकांचे फोटो काढणारा असं त्या काळी ठरतं, तर हणमंताला गाव सोडावं लागलं असतं, आणि तेही धड पायांनी नव्हे. दोघांनी बाह्या सारल्याही होत्या. आतल्या बायका सगळ्यांना दिसाव्यात म्हणून मी भर उन्हात मागचं दार उघडलं. कागदाची लांबलचक पट्टी सळसळत बाहेर आली. कोरी.

“बायका कुठं हायेत रं?” भेंडीवाल्यानं विचारलं.

हणमंता ओरडला नाही. त्यानं खिशातून पत्रांचा जुडगा काढला आणि भेंडीवाल्याच्या हातात दिला. सगळी पलटणीतल्या पोरांची. वरचंच पत्र पारूकाकूच्या लेकाचं: आई फोटो काढू देत नाही, काहीही कर पण एक पाठव, तिचा चेहरा आठवेनासा झालाय. “बारा आया हुत्या ह्यात,” हणमंता पट्टीकडं बघत म्हणाला. “उनात गेल्या.” सगळा बाजार माझ्याकडं वळला. मी शेवटचा खडा मारून पाहिला, “पर म्हातारीला इचारायचं न्हाई व्हय?”

“लेकानं इचारलं की.”

त्यानंतर आठ वर्षं मी त्या कॅमेऱ्यापुढं उभा राहिलो. कोरेगावात बोभाटा झाल्यावर तिथं कुठली आई कॅमेऱ्याच्या आसपास फिरकेना, म्हणून आम्ही कडेगावकडं सरकलो. मी कोट घालून, मिशीला पीळ देऊन उन्हात उभा, कॅमेरा माझ्यावर, आणि कडेला भाकरी थापणारी, शेळीची धार काढणारी कुणाची तरी आई अलगद रिळात. “जरा हस की गड्या, तुझ्या मयताला आलोय व्हय मी?” असं वर हणमंता मलाच दटावायचा. तीन हजार वेळा तरी फोटोला उभा राहिलो असेन, आणि माझा एकही फोटो नाही! पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? त्या बारांतली एक म्हातारी त्याच पावसाळ्यात वारली. तिचा लेक सुट्टीवर आला की मी वाट बदलायचो. त्याच्या लग्नाला गेलो नाही, त्याच्या पोराच्या बारशाला गेलो नाही... हणमंतानं मात्र त्या दिवसाचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. एवढं मोठं मन कुणाचं असतं का? मला त्याचाही संशय यायचा.

परवा हणमंताच्या बायकोला, इंदूवहिनींना भेटायला गेलो. त्या सूप घेऊन गवार निवडत होत्या. हणमंताला कधी विचारायची हिंमत झाली नाही ते त्यांना विचारलं, “वहिनी, त्या बारा फोटूंबद्दल त्यानं मला माफ केलं हुतं का?”

वहिनींनी मान वर केली नाही.

“डब्यात नुसता कागद हुता, भावजी. तुमी सांगलीला न्यायला आला तवाच त्येंनी रीळ काढून घेतलं हुतं.”