पदर झाडा

माझ्या आईनं निपाणीच्या एका वखारीत तंबाखू चाळून मला कोल्हापूरला कॉलेजात शिकवलं. मी रसायनशास्त्र घेतलं. तंबाखूच्या पानात कोणतं विष असतं, ते वेगळं कसं काढायचं, हे मला तोंडपाठ होतं. आई तेच रोज नाकातोंडात घेऊन खोकत होती.

बी.एस्सी. होऊन दोन वर्षं अर्ज खरडले. शेवटी झक मारत त्याच वखारीत गेलो. मालक खूश झाला. "शिकलेला माणूस दारावर शोभतो," म्हणाला. काम एवढंच, की वखार सुटताना रांगेनं बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला पदर झाडायला लावायचा आणि कुणी तंबाखू चोरून नेत नाही ना, ते बघायचं. यासाठी रसायनशास्त्र!

पहिल्याच संध्याकाळी रांगेत आई समोर आली. मी मान वळवून "जा" म्हणालो. मागच्या बायका बघत होत्या. आई हलली नाही.

"सगळ्यास्नी सांगताय, तसं मलाबी सांगा की, साहेब."

"पदर झाडा," मी म्हणालो.

तिनं झाडला. त्यानंतर घरीसुद्धा तिनं मला कधी 'अरं' म्हणून हाक मारली नाही.