आमच्या अंगणातला चेलो

फौजेत मला चेलो मिळाला तो माझ्या बोटांमुळे. बँडच्या शाळेत उस्तादांनी नव्या पोरांना ओळीत उभं करून सगळ्यांचे हात पाहिले. मला बिगुल हवा होता, पण माझी बोटं लांब निघाली आणि पुढ्यात आलं ते हे भलंमोठं लाकडी वाद्य. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा. खुर्चीवर बसायचं, दोन गुडघ्यांत ते धरायचं आणि गजानं वाजवायचं. सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं आणि भंडारा जिल्ह्यातल्या, कोंढ्याकडच्या आमच्या खेड्यातून मी एवढ्या लांब पहिल्यांदाच आलो होतो.

काही वर्षांनी उस्तादांनी मला एक रचना शिकायला दिली. अगदी नवी. लिहिणारा माणूस परदेशात कुठेतरी जिवंत होता. साथीला काही नाही, एकटा चेलो. सुरुवातीला खालचा एक जाड सूर इतका ओढायचा, की गज पुरेल की नाही याची धास्ती वाटावी. मग नुसतं थांबायचं. मग गज तारांखालच्या घोडीपाशी नेऊन खरवडायचं, डाव्या हातानं तार छेडायची, मधेच लाकडावर बोटांनी ठोकायचं. गुणगुणता येईल अशी चाल त्यात नव्हतीच. पहिले काही दिवस मला तिचा रागच आला. पण बँडमध्ये आम्ही सदा दुसऱ्याच्या पावलाला पाऊल जुळवून वाजवायचो. इथे मी थांबलो की सगळंच थांबायचं. हळूहळू मला तिचं वेड लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परीक्षेत हीच वाजवायची होती, म्हणून परवानगी काढून शाळेतला एक जुना चेलो मी घरी न्यायला घेतला.

भंडारा रोडला रेल्वेतून उतरून एसटीत चढलो, तर कंडक्टरनं कॅनव्हासची पिशवी पाहून विचारलं, कोणत्या नाटकाचं सामान आहे. आमच्या भागात नाटकं फार. मी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. मनातून मी खुशीत होतो. घरी हे वाद्य पाहून सगळे चकित होतील, असं वाटत होतं.

वडील अंगणात बाजेवर बसले होते. मी पिशवी उघडली. त्यांनी चेलोकडे एकदा पाहिलं, मग कुंपणाबाहेर पाहिलं.

"आत ठेव," ते म्हणाले. "लोकं पाहून राहिले."

नंतर चुलीपाशी मायनं मला हळू आवाजात सांगितलं. मी बँडमध्ये आहे हे वडिलांनी गावात कोणाला कळू दिलं नव्हतं. पोराकडे बंदूक आहे, एवढंच ते सांगायचे. आणि मला तोवर ठाऊक नसलेलं आणखी एक तिनं सांगितलं. छप्पन सालाआधी वडील गावातल्या शेतकऱ्यांच्या लग्नांत डफडं वाजवायचे. सकाळपासून मांडवाबाहेर उभं राहायचं, आणि सगळ्यांच्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं पदरात घ्यायचं. नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं ते काम सोडलं. वडिलांनी आपलं डफडं चुलीत घातलं आणि त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

"आता तूच बाजा घेऊन आला," माय म्हणाली. "लोकांले काय सांगतील ते?"

माझे कान तापले. एसटीत मिरवत आणलेलं ते वाद्य कोपऱ्यात उभं होतं आणि मला त्याच्याकडे बघवेना.

पण परीक्षा टळणार नव्हती. मे महिन्याच्या उकाड्यात दार लावून मी सराव करू लागलो. खरवडण्याचा आवाज ऐकून शेजारची काकू मायला विचारून गेली, घरात कोण आजारी आहे. पोरं भिंतीला कान लावून खिदळायची. गावभर व्हायला वेळ लागला नाही.

एका संध्याकाळी पाटील आले. वडील त्यांच्याच शेतात राबायचे. घरात खुर्ची एकच होती, लोखंडी, घडीची, मी नोकरीला लागल्यावर घेतलेली. ती अंगणात मांडली, तिच्यावर पाटील बसले. मुलीचं लग्न काढलं होतं. मिलिटरीचा बाजा गावात कोणी पाहिला नाही, बाबूनं, म्हणजे मी, वर्दी घालून दारात वाजवावं, असं त्यांचं म्हणणं. बोलणं गोड होतं, मनात वाईट काही नव्हतं.

"तुमच्या घरचंच काम होतं ना गा हे," ते वडिलांना म्हणाले.

वडील जमिनीकडे पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "तो लग्नाचा बाजा नाही, पाटील."

मग निदान ऐकवा तरी, असं पाटील म्हणाले. मी चेलो बाहेर आणला. खुर्चीवर पाटील. उठा म्हणायला माझी जीभ उचलेना. परेडवर ओरडून 'हजर' म्हणणारा मी, तिथे पाच वर्षांच्या पोरासारखा झालो. एक घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर टेकलो. गुडघे छातीला लागले, चेलो कलंडला, गज माझ्याच मांडीवर आपटू लागला. पहिला सूर बेडकासारखा निघाला. कुंपणापलीकडची पोरं हसली. पाटीलही हसले. मी पुन्हा गज लावला, पुन्हा तसंच झालं.

वडील बाजेवरून उठले.

"उठा पाटील," ते म्हणाले. "त्याले खुर्ची लागते."

पाटलांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते सावकाश उठले. वडिलांनी त्यांना बाज दाखवली. लोखंडी खुर्ची चालत होती, पण आमच्या बाजेवर ते बसणार नव्हते, हे अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

मी खुर्चीवर बसून ती रचना शेवटपर्यंत वाजवली. चांगली वाजवली असं म्हणता येणार नाही. लांब सूर दोनदा तुटला. मान वर करून मी कोणाकडे पाहिलं नाही. लाकडावर ठोकण्याची जागा आली तेव्हा एका पोरानं टाळ्या सुरू केल्या आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

संपल्यावर पाटलांनी विचारलं, गाणं कधी सुरू होणार. मी म्हटलं, एवढंच आहे. हे कोणत्या कार्याला वाजवतात, त्यांनी विचारलं. कोणत्याच नाही, मी म्हटलं. त्यांनी दुपट्ट्यानं मान पुसली, लग्नाला पवनीचा बँड सांगतो म्हणाले आणि गेले.

अंधार पडत आला तेव्हा वडिलांनी विचारलं, हे बनवणाऱ्याला कोणी बनवायला सांगितलं होतं का. मी सांगितलं, कोणी नाही, त्यानं आपल्या मनानं बनवलं.

"माह्या काही समजीत नाही आलं," ते म्हणाले आणि बाज उचलून आत घेऊन गेले.

परीक्षेत मी पास झालो. उस्तादांनी पाठ थोपटली. पुढच्या सुट्टीला घरी गेलो तेव्हा मायच्या बोलण्यातून निघालं, की त्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला पाटलांनी वडिलांना बोलावलंच नाही. वडील दूरच्या एका गावी रोजीला जात होते, आणि परतायला त्यांना अंधार व्हायचा. तिनं हे भात वाढता वाढता सांगितलं, जसं काही पावसापाण्याचं सांगावं.

मी पाटलांकडे जाऊन बोलतो, असं जेवताना म्हणालो.

"तू कायले जातं?" वडील म्हणाले. "उठा मी म्हटलं होतं. तू नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते जेवले, हात धुतले आणि झोपायला गेले, कारण त्यांना पहाटे निघायचं होतं.

पाटलांचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही, आणि त्यांनी ते मागितलंही नाही. ऐंशी सालानंतर त्यांचे गुडघे गेले तोवर ते त्या दूरच्या शेतांवर जात राहिले. त्याच वर्षांत ती रचना मी मोठमोठ्या साहेबांसमोर वाजवली. ते संपेपर्यंत गप्प बसून ऐकायचे आणि मग उठून टाळ्या वाजवायचे. मी वाकून सलाम करायचो, आणि खुर्च्यांवरून उठलेल्या त्या माणसांकडे वर बघण्याची मला हिंमत व्हायची नाही.