आजोबांच्या शिंकेची नोंद

माझी एक शिंक बेलवलीत सुटली की पार बदलापूर गावातली कुत्री भुंकायला लागतात. हे मी वाढवून सांगत नाही. उलट बायको मागे उभी राहून वाचतेय म्हणून कमीच सांगतोय. सकाळच्या पहिल्या चाळीस शिंका तर आम्ही हिशेबातच धरत नाही, त्या नळाला पाणी येण्याआधीच्या फुसफुशीसारख्या असतात.

हे नाक मला फौजेनं दिलं. राजस्थानातल्या एका डेपोत मी आठ वर्षं कांबळ्यांच्या गोदामावर होतो. पृथ्वीवरच्या सगळ्या मेंढ्यांनी आपली लोकर तिथेच आणून टाकली असावी, एवढी कांबळी. ती झटकायची, घड्या घालायच्या, थप्प्या लावायच्या, परत काढून झटकायची. धूळ अशी की समोरचा जवान फक्त खोकल्यावरून ओळखायचा. तिसऱ्या वर्षी नाक वाहायला लागलं, पाचव्या वर्षी चोंदलं, पुढे आत मांस वाढलं आणि वास येणं बंद झालं. कायमचं.

पाय गेलेल्या माणसाला लोक उठून जागा देतात. नाक गेलेल्याला कोण देतो? रिटायर झाल्यावर अंबरनाथला मोरिवलीजवळ एका केमिकल कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागलो. एका दुपारी आत काहीतरी गळलं. अख्खी शिफ्ट तोंडाला रुमाल लावून बाहेर पळत आली आणि मी एकेकाला थांबवून त्याचा गेटपास बघत होतो. मॅनेजर लांबून ओरडला, "अरे, वास येत नाही का तुला?" मी आयुष्यात क्वचित देतो तसं सरळ उत्तर दिलं, "नाही साहेब." दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. त्यांचं तरी काय चुकलं? वास न येणारं कुत्रं दारात कोण बांधतो?

म्हणून अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला. नाक नोकरीत असताना गेलं, एवढंच फौजेनं कबूल करावं, अशी माझी मागणी. उत्तर आलं: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, घराण्यातून आलेला आहे.

घराण्यातून? आमच्या घराण्यात कुणाला साधं पडसं झालं तर वाडीभर बातमी व्हायची!

उल्हासनगरला एका झेरॉक्सच्या दुकानात एक रिटायर सुभेदार साहेब बसतात. माजी सैनिकांची अपिलं लिहून देतात. माझ्या मेडिकल फाइलची नक्कल मागवून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, आणि एका पानावर बोट ठेवून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हवालदार, तुझे आजोबा शिंकले की बैल दावं तोडून पळायचे?"

मी झेरॉक्सच्या मशीनकडे बघायला लागलो.

"वडिलांच्या शिंकेनं घराची कौलं सरकायची? तुला लहानपणापासून त्रास? हे डॉक्टरला कुणी सांगितलं?"

मीच सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा तोंडावर प्रमोशनचा कोर्स होता. आजाराची नोंद झाली तर मेडिकल कॅटेगरी खाली येणार, कोर्स हुकणार. समोर एक कोवळा कॅप्टन डॉक्टर. त्यानं विचारलं, "कब से है?" मी म्हटलं, "साहब, ये बीमारी थोड़ी है, ये तो खानदानी चीज़ है." डॉक्टर हसला. बाकावरचे पेशंट हसले. आणि ऐकणारी माणसं हसायला लागली की मला थांबता येत नाही, हा माझा खरा आजार. बैल आले, कौलं आली. मला वाटलं डॉक्टर नुसता हसतोय. तो हसता हसता लिहून घेत होता. कोर्स मिळाला, दंडावर फीत चढली.

आणि आजोबा? त्यांना मी पाहिलेलंसुद्धा नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेले.

"रक्ताचं वडीलधारं कुणी आहे का?" सुभेदारांनी विचारलं. "त्यांच्याकडून लिहून आण, घरात हा आजार कुणालाच नव्हता म्हणून."

एकच उरली होती, आजोबांची लेक, माझी आत्या. बारवी धरणापलीकडच्या पाड्यावर राहते. गेलो तेव्हा ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. मी कागद वाचून दाखवला: "माझ्या वडिलांना शिंकांचा कोणताही त्रास नव्हता." शाईच्या डबीकडे नेलेला अंगठा तिनं मागे घेतला.

"पुन्यांदा वाच."

वाचलं.

"माज्या बापाला शिंका नव्हत्या? आरं, त्याच्या एका शिंकंनी बैल दावं तोडून पलायचं!"

"आत्या, ते मी सांगितलेलं. माझ्या लग्नात. गंमत म्हणून."

"तू? तू तवा जल्माला तरी आला होतास का? मी बगलंय माज्या डोल्यांनी. तांबडा बैल थेट नदीत गेला."

तांबडा रंगसुद्धा मीच दिलेला, चुलतबहिणीच्या हळदीला, दोन घोट झाल्यावर.

"आत्या, माझं पेन्शन अडलंय गं."

"म्हनून मी खोट्यावर आंगठा देऊ? आपल्या घरात कुनी खोटं नाय बोललं. तू फौजंत जाऊन हेच शिकलास काय?"

मग तिनं तासभर मला तिच्या बापाबद्दल सांगितलं. तो शिंकून झाल्यावर मिशा कशा पुसायचा, आजूबाजूच्या बायका कशा हसायच्या. मिशा माझ्या गोष्टीत नव्हत्या, त्या तिच्या. ती पाच वर्षांची असताना बाप गेला. त्याचा फोटो नाही, वस्तू नाही. त्याचा म्हणून तिच्याकडे एकच आवाज उरलाय, आणि तो माझ्या तोंडून निघालेला. मी कागदाची सुरळी केली. म्हटलं, "बरोबर आहे आत्या, माझीच चूक झाली." तिनं भाकरी वाढली. कसलाही वास न आलेली ती भाकरी मी मुकाट्यानं खाल्ली.

परत झेरॉक्सच्या दुकानात. "साहेब, मग सरळ लिहू या का, की त्या दिवशी मी थाप मारली होती?"

सुभेदारांनी चष्मा काढला. "लिही. मग ते विचारतील, कांबळ्यांचीसुद्धा थापच कशावरून नाही?"

 दुकानाचा सिंधी मालक मशीनवरून म्हणाला, "साईं, ये बैलवाला पन्ना भी कॉपी करूँ क्या?" कुणीच हसलं नाही. तो बिचारा खरंच विचारत होता.

अपिलाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. अर्ज गेला. त्यात आजोबांबद्दल एक अक्षर नाही, खरं नाही की खोटं नाही. गोदामातल्या धुळीबद्दल दोन पानं आहेत, ती शब्द न् शब्द खरी आहेत, आणि वाचताना माझी मलाच थापेसारखी वाटली. पुढच्या महिन्यात मेडिकल बोर्डासमोर बोलावलंय.

"विचारतील तेवढंच सांगा हो," बायको रोज बजावते.

ते बैलाबद्दलच विचारणार, तेच तर मला पक्कं ठाऊक आहे.