चौथा दिवस, अंबोसेली

तनुजाच्या ओट्यावर आफ्रिका चार टोपल्यांत मावते. एकीत मेतकूट, दुसरीत भाजलेलं पिठल्याचं पीठ, तिसरीत शेंगदाण्याची चटणी, चौथीत तिखटमिठाच्या पुऱ्या. निराला बाजारातल्या एका टूर कंपनीचं हे काम ती सहा वर्षं करतेय. मराठी माणूस सिंह बघायला समुद्र ओलांडतो, पण तिसऱ्या दिवशी त्याला पिठलं आठवतं, हे कंपनीच्या शिवराजला पक्कं ठाऊक. म्हणून प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी, आणि पिशवीवर तनुजाच्या अक्षरात चिठ्ठी: पहिला दिवस, नैरोबी. चौथा दिवस, अंबोसेली. सातवा, नाकुरू. असे बारा.

चिठ्ठ्या लिहिता लिहिता तिला ती गावं माहेरच्या गावांसारखी पाठ झाली. नाकुरूच्या तळ्यात गुलाबी पक्षी उभे असतात. अंबोसेलीला हत्तींची रांग चालते आणि मागं बर्फाचा डोंगर. कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकातला तो डोंगर कापून तिनं पिठाच्या डब्यावर चिकटवलाय. तिचं माहेर फुलंब्री, सासर इथलं, सिडकोतलं. वेरूळच्या लेण्यांसमोर जगभरची माणसं बसमधून उतरताना तिनं पुष्कळदा पाहिलीत. आपण मात्र कुठल्याच बसमधून कुठं उतरलो नाही, हे ती हसत सांगते.

तिच्या आफ्रिकेला घरात एकच श्रोता, सासूबाई. आशाबाईंचं खुब्याचं हाड मोडल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीत पलंगावर, दाराकडं तोंड करून. त्यांना उचलणं, बसवणं, भरवणं सगळं तनुजाकडं. दुसऱ्याचा हात लागला की त्या अंग ताठ करतात. दोनदा बाई ठेवून पाहिली, दोन्ही बाया आठवडाभरात गेल्या. एखादी टूर चालू असली की आशाबाई पहिल्या घासाला विचारतात, "आज कुठं पोचली गं तुझी माणसं?" तनुजा सांगते. गोष्ट हत्तींवर आली की त्या आणखी एक पोळी खातात.

यंदा जानेवारीत शिवराजचा फोन आला. टूरबरोबर जाणारा आचारी गुडघ्याचं ऑपरेशन करून बसला होता. ताई, तुम्हीच चला, म्हणाला. लॉजवाले स्वयंपाकघरात एक कोपरा देतात, बावीस माणसांचं करायचं, बाकी वेळ तुम्हीही गाडीत. पासपोर्ट तेवढा काढा, पुढचं मी बघतो.

नवरा इंद्रजीत चितेगावच्या कारखान्यात पाळीवर असतो. तो बूट काढता काढता म्हणाला, जा की, माझी काय ना नाही, फक्त आईला विचार. स्वतः विचारायचं त्याला सुचलं नाही. तनुजानंही विचारलं नाही. पासपोर्ट हातात आला की विचारू, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि कोणाला न सांगता अर्ज भरला.

अर्ज माहेरच्या नावानं होता. लग्नात इंद्रजीतनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सायली' लिहिलं आणि त्या दिवसापासून ती घरात, गल्लीत, पाहुण्यांत सायली झाली. कागद बदलायला मात्र कोणाला सवड झाली नाही. दहावीच्या दाखल्यापासून आधारपर्यंत ती तनुजा तात्यासाहेब शेजूळच राहिली. पासपोर्टच्या कचेरीत ते नाव दोनदा पुकारलं गेलं, तरी ती बाकावर बसून होती. तिसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारची बाई म्हणाली, ही शेजूळ कुठं तडमडली? तेव्हा ती उठली. फोटो काढताना तिला हसू आवरेना, आणि समोरचा माणूस हसू नका म्हणत राहिला.

मग पोलिसांची पडताळणी. हवालदार चारला येतो म्हणाला होता. म्हणून तनुजा दीडला सासूबाईंना जेवू घालून पिशव्या पोचवायला गेली. तो दोनलाच आला. जाळीच्या दाराबाहेर उभं राहून त्यानं पलंगावरच्या म्हातारीला विचारलं, तनुजा शेजूळ इथंच राहतात का? म्हातारी म्हणाली, शेजूळ आमच्यात कोणी नाय. तनुजा? तशी बी कोणी नाय. समोरच्या घरातही त्यानं विचारलं. तिथं सगळे सायलीलाच ओळखत होते. दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा शेरा मारून तो गेला.

शेरा कळल्यावर तनुजानं ठाण्यात जाऊन लग्नपत्रिका दाखवली, आधार दाखवलं. साहेब बिचारे नीट बोलले. पुन्हा पडताळणी होईल, म्हणाले, पण महिना तरी जाईल. टूरला सतरा दिवस उरले होते.

घरी येऊन तिनं आधी सासूबाईंची कूस बदलली, पाठीला पावडर लावली. मग विचारलं, "आई, नाव ध्यानात नव्हतं का?"

आशाबाई भिंतीकडं बघत होत्या.

"तांदळात काय लिहायचं ते इंद्रजीतला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आधीचं कसं ईसरीन?"

"मग?"

"पासपोर्टच्या कचेरीचं पाकीट माझ्याच हातात दिलं होतं पोस्टमननं. लई दिस वाट बघितली, तू कधी ईचारतीस. बारा दिस मला कुणी उचललं असतं, सायली?"

हाच प्रश्न शिवराजचा फोन आल्या दिवसापासून तनुजा स्वतःला विचारत होती. तिनं पावडरचा डबा बंद करून जागेवर ठेवला.

शिवराजनं नाशिकहून दुसरी बाई बघितली. तनुजानं बारा पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लिहिल्या. पिठल्यात पाणी किती, हे त्या बाईला फोनवर दोनदा समजावलं. टूर गेली.

त्या दिवसापासून तिनं जेवण भरवताना बोलणं बंद केलं. पहिल्या दिवशी आशाबाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या अर्धीच पोळी खाऊन थांबल्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी दुपारी तनुजा ओट्याशी उभी होती. पिठाच्या डब्यावरचा डोंगर एका कोपऱ्याला सुटला होता, तो ती अंगठ्यानं दाबत होती. पुढच्या खोलीतून हाक आली, "सायली." तिनं ऐकलं. पुन्हा आली. अंगठा डब्यावरच राहिला.

मग पलंग करकरला, आणि तीच हाक वेगळ्या नावानं आली, हळू, चाचपडत.

"तनुजे. ओलं झालंय गं."

तिनं डबा फळीवर ठेवला, हात धुतले.

"आले," ती म्हणाली, आणि दोरीवरची कोरडी चादर ओढून घेतली.